डोळे मिटून घातलेली प्रदक्षिणा

फार फार जुन्या काळी, बैलांना मनात आले की बोलता येई, तेव्हाची ही गोष्ट.

एका डोंगराळ राज्यात गाडीवानांचा एक रिवाज होता. घाटमाथ्यावर गाडी थांबवायची, खाली उतरायचे आणि उतार लागण्याआधी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालायची. चाक आसावरून निसटू नये म्हणून ठोकलेली खीळ घट्ट आहे ना, हे पाहण्यासाठी कुण्या शहाण्याने हा रिवाज घालून दिला होता. पण पिढ्या गेल्या आणि गाडीवान हात जोडून, डोळे मिटून फिरू लागले. भक्ती वाढली, खिळी मात्र देवाच्या हवाली!

केरबा गाडीवान तर या भक्तांचा मेरुमणी. एके सकाळी तो आपल्या लेकीला, सगुणेला, घेऊन निघाला. घाटाखालच्या गावात तिचे लग्न होते. माथ्यावर त्याने डोळे मिटून झटपट प्रदक्षिणा उरकली आणि गाडीवर उडी मारली.

तोच त्याचा म्हातारा बैल चांद्या मटकन खाली बसला.

"ऊठ की लेका! मुहूर्त टळंल!" केरबा ओरडला.

"धनी, मुहूर्त दुसरा मिळंल," चांद्या म्हणाला, "सगुणा दुसरी कुठून आणाल? देव तुमच्याकडं बघतोयच. तुम्ही जरा चाकाकडं बघा."

केरबा धुसफुसत उतरला. डाव्या चाकाशी येऊन वाकून पाहतो तर काय! खीळ जेमतेम बोटभर आत उरली होती, आणि पुढे वळणावर खोल दरी. लेकीकडे पाहून त्या बापाला रडूच कोसळले. मग त्याने दगडाने खीळ ठोकून बसवली, चारदा हलवून पाहिली, दुसरे चाकही हात लावून तपासले. तेव्हा कुठे चांद्या उठला.

मांडवात पोहोचेस्तोवर मुहूर्त टळून गेला होता. नवरदेवाचे वडील तोंड फुगवून बसले होते. सगुणेने घडलेले सांगितले, तसे ते ताडकन उठले आणि केरबाला मिठी मारून म्हणाले, "व्याही, सून धडधाकट आली, हाच आमचा मुहूर्त! वाजवा रे!"

ताशे कडाडले, अक्षता पडल्या. पहिली पुरणपोळी चांद्याला मिळाली, तर तो म्हणतो कसा, "तूप कमी आहे!" सारा मांडव हसून हसून लोटपोट झाला.

तर मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा ऐका: जीव जपणारा नियम उघड्या डोळ्यांनी पाळावा, नुसता उरकलेला नियम कुणालाच वाचवत नाही.