साहेबांचं अर्धं वाक्य

पुन्हा तेच सांगायला लावता. बरं, ऐका.

माझ्या खानावळीचं नाव मोबाइलातल्या शोधयंत्रात लिहायला घेतलं, की खाली आपोआप यायचं, ‘विषबाधा झाली का?’ कुणाला साधी करपट ढेकरही आली नव्हती. तरी गिऱ्हाईक तुटलं. सख्ख्या साडूनं लेकीच्या साखरपुड्याचं जेवण दुसरीकडं दिलं.

त्या शोधयंत्राच्या कंपनीचा साहेब करमाळ्यात भाषणाला आला. मी उभा राहून गाऱ्हाणं मांडलं.

तो हसला. “आजोबा, यंत्र कुणावर आळ घेत नाही. लोक विचारतात तेच सुचवतं.”

“बरं,” म्हणून मी बसलो.

साहेब पुढं बोलू लागला, “मी बरीच वर्षं परदेशात...”

मी ओरडलो, “तुरुंगात होतो का?”

सभा खिदळली.

“परत आलो तेव्हा बायकोनं...”

“हाकलून दिलं का?”

साहेब लाल झाला. “काय चावटपणा आहे हा? असलं काही घडलेलं नाही!”

“घडलं असं मी कुठं म्हणालो? नुसतं सुचवलं. आता ही माणसं घरी जाऊन तेच विचारतील. मग तुमचं यंत्र म्हणेल, लोकच विचारतात.”

साहेबानं तिथंच हात जोडले. आठवड्यात ते विष मोबाइलातून गेलं, गिऱ्हाईकही परतलं. एवढ्या मोठ्या कंपनीनं माफी मागितली. राहिलाय एकटा माझा साडू, दगडू वाघमोडे.