एन्जॉयेबल कशाला म्हणायचं

आमच्या सोनवडीत एकच भोळा माणूस राहायचा. तो मी. बाकी सगळे शहाणे होते, म्हणून तर माझं लग्न जमत नव्हतं.

अखेर एक स्थळ चालून आलं. मुलगी कॉलेजात शिकलेली. माझी थोरली बहीण कुंदाताई म्हणाली, "दिगंबर, तिथे एखादा इंग्रजी शब्द तरी टाक. ज्याची मजा येते, त्याला एन्जॉयेबल म्हणतात."

मी शब्द घोकला. त्याच दिवशी शेजारच्या भिकूतात्यांचं तेरावं होतं. लाडू झकास होते. तात्यांच्या मुलाने हात जोडून विचारलं, "जेवलात ना पोटभर?"

मी म्हणालो, "तात्यांचं तेरावं फारच एन्जॉयेबल झालं!"

त्याने मला दंडाला धरून अंगणाबाहेर सोडलं.

"अरे गाढवा," ताई म्हणाली, "लोक रडतात तिथे हा शब्द नाही! तिथे मान खाली घालून 'फार वाईट झालं' म्हणायचं."

बरं, म्हणालो. पुढच्या आठवड्यात पाटलांच्या यमुनेचं लग्न लागलं. पाठवणीला तिची आई हुंदके देऊन रडायला लागली. मी मान खाली घातली, नवरदेवाच्या वडिलांजवळ गेलो आणि म्हणालो, "फार वाईट झालं."

त्यांचा फेटाच सरकला.

ताईने मला मांडवामागे ओढलं. "लग्न आहे हे! इथे एन्जॉयेबल म्हणायचं!"

चूक सुधारावी म्हणून मी धावत नवरदेवाकडे गेलो. म्हणालो, "नवरी एन्जॉयेबल आहे हं!"

घरी ताईने माझ्या सुजलेल्या गालाला हळद लावली. "माणसाला नाही रे म्हणायचं! खाण्याला म्हण, कार्यक्रमाला म्हण. माणूस एन्जॉयेबल नसतो. कळलं?"

"कळलं." आणि या वेळी खरंच कळलं होतं.

रविवारी मुलगी पाहायला गेलो. शालिनीने शिरा आणून ठेवला. ती मला इतकी आवडली, की मी सगळा शिरा एका दमात संपवला. तिच्या वडिलांनी विचारलं, "मग, कशी वाटली आमची शालिनी?"

मी ताठ बसलो. "शिरा एन्जॉयेबल आहे. मुलगी एन्जॉयेबल नाही."

वडील ताडकन उठले. ताईने कपाळाला हात लावला. मी घाईघाईने त्यांना म्हणालो, "तुम्हीसुद्धा नाही."

शालिनी खो खो हसत सुटली. "बाबा, बसा हो. बरोबर बोलताहेत ते. मी काय शिरा आहे?"

आणि तिने मला होकार दिला.

माझ्या चुका सगळ्या सोनवडीला पाठ आहेत. पण त्यांतली एकही, लोक म्हणतात, शालिनीच्या चुकीएवढी मोठी नाही.