मुकं अंडं

फार मागे, टोपलीत अंडी उबवताना ठिपकी कोंबडीनं एक आवाज ऐकला होता. अंडं फुटायच्या आधी आतून बारीक चिवचिव येते, तो. तिनं हळूच ओ दिली, तेव्हाच पिल्लानं आतून चोच मारली होती.

आता ठिपकी म्हातारी झाली होती. मालक गेनबानं नव्या पांढऱ्या कोंबड्या आणल्या. "यांच्या रक्तातूनच खुडूकपण काढून टाकलंय," तो शेजाऱ्याला म्हणाला. "अंड्यांवर बसायचा हट्ट नाही, कलकल नाही. खुडूक उतरवायला नाकात पीस खुपसायची कटकटच गेली बघ!"

ठिपकीच्या नाकात तसं पीस कितीदा खुपसलं होतं. खुडूक उतरायची, पण पुढच्या खेपेला माया पुन्हा दाटून यायची.

पांढऱ्या कोंबड्या अंडं घालून उठत आणि वळूनही बघत नसत. दाणे टिपताना सगळ्यांच्या माना एकदम खाली जात, एकदम वर येत.

"अगं, तुझं अंडं गार पडलंय," ठिपकी एकीला म्हणाली.

"माझं कुठलं, आजी? पडलं ते पडलं."

मग ठिपकीच त्यावर बसली. 'माझी ऊब लागली की माया शिकेल लेकरू,' तिला वाटलं. दिवस भरत आले, तरी आतून चिवचिव आली नाही. तीच एकटी बोलत राहिली.

एका सकाळी कवच तडकलं. धडधाकट पिल्लू बाहेर आलं.

"ये रे राजा, पंखाखाली ये."

दगडाकडे बघावं तसं पिल्लानं तिच्याकडे पाहिलं. लांबवर पांढऱ्या कोंबड्यांनी एकदम माना वळवल्या. पिल्लानंही वळवली, आणि एकदाही चिवचिव न करता ते तिकडे चालू लागलं.