भिवरा आणि परसातली बारा पाखरं

एका राज्यात रत्नकेतू नावाचा राजा होता, आणि आपल्या ताटातला पहिला घास तो स्वतः कधीच खात नसे. तो घास रखमाजी खाई. रखमाजी जगला तर राजा जेवे, अशी तिथली रीत! रखमाजीची बायको भिवरा राजवाड्याच्या परसात गिनी कोंबड्या पाळी, आणि दोन्ही वेळच्या जेवणाला तिचा जीव टांगणीला लागलेला असे.

एके दिवशी धूम्रकेश नावाचा मांत्रिक पाहुणा म्हणून आला. भर पंगतीत त्याने राजापुढे सोन्याचं फळ ठेवलं. राजाने रिवाजाप्रमाणे ते रखमाजीकडे सरकवलं. झालं! मांत्रिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझ्या फळाचा संशय? मग चोचीनेच जेवा सगळे!"

त्याने दंड आपटला, आणि पंगतीतल्या बाराच्या बारा जणांच्या गिनी कोंबड्या झाल्या. राखाडी अंग, त्यावर पांढरे ठिपके, डोक्यावर शिंगासारखा उंचवटा, आणि घसा म्हणाल तर अख्खं राज्य उठवणारा! कटकट करत ती वरात परसातल्या एका रिकाम्या कुंपणात शिरली.

भिवरा धावत आली. "माझे धनी यांच्यात आहेत. उःशाप सांगा."

"तीन दिवस, तीन प्रश्न," मांत्रिक म्हणाला. "सेनापती दाखव, राणी दाखव, राजा दाखव. कुंपणाला हात लावायचा नाही. एकदा जरी चुकलीस, तर हे बारा जन्मभर असेच राहतील, आणि तेरावी तू."

"कबूल," भिवरा म्हणाली. पाखरांच्या बाबतीत ती कुणाला हार जाणारी नव्हती.

पहिल्या दिवशी एक गलेलठ्ठ पाखरू सगळ्यांवर दादागिरी करत होतं. याला टोच, त्याला हाकल, पाण्यावर पहिला हक्क आपला. दुसरं कुणी असतं तर त्यालाच सेनापती म्हणून मोकळं झालं असतं. भिवरा थांबली. दुपारी कुंपणातून मुंगूस आत शिरलं. गलेलठ्ठ पाखरू पाण्याच्या डोणीमागे दडलं, आणि एक लंगडं पाखरू पंख फुलवून पुढे आलं. त्याच्या मागे रांग धरून बाकीची ओरडत निघाली. मुंगसाने शेपूट घालून पळ काढला.

"ते लंगडं, तो सेनापती."

"बरोबर," मांत्रिक चरफडला. (गलेलठ्ठ कोण होता म्हणता? राजवाड्याचा कोठारी!)

दुसऱ्या दिवशी सांजेला थवा कुंपणातल्या चिंचेवर बसायला चढू लागला. एक पाखरू कुंपणाबाहेर राहिलं होतं. उडून आत यावं हे त्याला सुचेना. कुंपणालगत नुसतं इकडून तिकडे पळत होतं. ते राजज्योतिषी होते. तेव्हा चढलेल्यांपैकी एक पाखरू खाली उतरलं, बाहेर उडालं, हाका मारमारून त्याला दारातून आत घेऊन आलं, आणि सगळी वर बसल्यावर शेवटी आपण चढलं.

"ती राणी."

"बरोबर." मांत्रिकाने दात खाल्ले.

तिसरा दिवस उजाडला तो निराळाच. मांत्रिकाने रातोरात साऱ्या खुणा पुसल्या होत्या. आता कुणी लंगडत नव्हतं, कुणी गलेलठ्ठ उरलं नव्हतं. दिवसभर पाहूनही काही उमगेना. सूर्य टेकला, तसे मांत्रिकाने मूठभर काळे दाणे आत फेकले.

"यातला एक दाणा पोटात गेला की पाखरू मेलं. आता सांग, राजा कोण?"

कुणी हललं नाही. मग एक पाखरू मान किंचित तिरकी करून, सावकाश पुढे झालं. भिवराने ती चाल ओळखली. नऊ वर्षं तिच्या घरातून तीच चाल राजवाड्याकडे जात होती.

"अहो, नको!" ती किंचाळली. पण पाखराला माणसाची भाषा कुठली कळायला!

चोच दाण्यावर टेकणार, इतक्यात दुसरं एक पाखरू बाणासारखं आलं. त्याने पहिल्याला धडक मारून लोळवलं, ते पुन्हा उठलं तसं पुन्हा लोळवलं, आणि दाण्यांवर पंख पसरून उभं राहिलं.

मांत्रिक खदाखदा हसला. "बघ ही हावरट जात! मरणाचे दाणेसुद्धा दुसऱ्याला मिळू देत नाही."

भिवराने निरखून पाहिलं. दाणे त्याच्या पायांखाली होते, आणि चोच घट्ट मिटलेली होती.

"त्याला खायचं नाही, खाऊ द्यायचं नाही," ती म्हणाली. "माझे धनी त्या चालीने पुढे झाले की काय होऊ शकतं, हे दोघांनाच ठाऊक. एक मी, आणि दुसरा ज्याच्यासाठी ते रोज पुढे होत, तो. दाण्यांवर उभा आहे तो राजा!"

मांत्रिकाचा दंड मधोमध चिरला. परसात बारा माणसं उभी राहिली, केसांत पिसं अडकलेली. राजाने रखमाजीचे दोन्ही खांदे धरून ठेवले होते, आणि तो रडत होता. दंडाचे तुकडे गोळा करून धूम्रकेश पायीच वेशीबाहेर गेला. राज्य पुन्हा जागेवर आलं.

"भिवराबाई, मागा," राजा म्हणाला. "अर्धं राज्य मागा."

"महाराज, नऊ वर्षं हे तुमच्या ताटातलं जेवले," भिवरा म्हणाली. "आता यांना घरी जेवू द्या."