भुंगाराणीने लावलेले माप

एका थंड डोंगरावरच्या रानात, उंदराने सोडून दिलेल्या बिळात, केसाळ भुंग्यांची एक राणी आपल्या लेकरांसह राहत असे. मुलांनो, या घरात सगळ्यांत थोराड राणीच. तिच्या कामकरी लेकी मात्र एका मापाच्या नव्हत्या. काही चांगल्या धष्टपुष्ट, तर काही जेमतेम माशीएवढ्या. सगळ्यांच्या मागच्या पायांवर पराग भरून आणायची टोपली होती. धाकट्यांची इतकी छोटी, की असून नसल्यासारखी. आणि मुलगे? त्यांना ना टोपली, ना नांगी. नुसत्या लांबलचक मिशा!

फुलांचा हंगाम सरत आला होता. पुढच्या वर्षीच्या राण्या कोशांत निजल्या होत्या. त्या जगल्या तरच वंश टिकणार होता, म्हणून राणीच्या जिवाला घोर लागला. ती दाराशी बसून प्रत्येकीची टोपली न्याहाळू लागली. थोरल्या लेकी टोपल्या भरभरून आणत. धाकट्या मात्र दिवसभर घरातच, कोशांमधल्या फटींत पोट टेकून पडलेल्या. राणीचे डोके फिरले. "आयते खायला सोकावलात! चालत्या व्हा," ती कडाडली.

"पण आई, कोशांना ऊब..." सगळ्यांत चिमुकली म्हणाली.

"त्यांना मी आहे! आणि तू रे, मिशाळ्या?"

"मी निघतच होतो," कोपऱ्यातला नर अंग झटकत म्हणाला.

त्याच्या मागोमाग धाकट्याही एकेक करून बाहेर पडल्या. संध्याकाळी धुके उतरले आणि बीळ गारठले. राणी कोशांवर अंग पसरून बसली. सुरुवातीला तिने एकटीने पहिली पिल्ले अशीच वाढवली होती, पण तेव्हा कोश होते मूठभर. आताचा पसारा तिच्या अंगाखाली मावेना. थोरल्या फटींत शिरायला गेल्या, तर मध्येच अडकल्या. एकीने मधाचे बुडकुलेच कलंडवले. कडेचे कोश गार पडू लागले, तशी राणी रडकुंडीला आली. "धाकट्यांना बोलवा गं कुणीतरी!"

बाहेर धुक्यात थोरल्यांना काही दिसेना. दाराजवळच्या पानावर तो नर अजून रेंगाळत होता. त्याने मिशा हलवून वास घेतला आणि झुडपाखाली कुडकुडणाऱ्या बहिणींना शोधून घरी आणले.

"माझे चुकले गं..." राणी म्हणू लागली.

"आई, आधी सरक. मग बोलू," चिमुकली म्हणाली आणि फटीत शिरली. मागोमाग बाकीच्याही शिरल्या.

सकाळपर्यंत कोश पुन्हा उबदार झाले. सगळे मात्र नाही. कडेच्या कोशांतल्या राण्या पुन्हा कधीच हलल्या नाहीत. राणी त्यांच्यापाशी बराच वेळ बसून राहिली.

तात्पर्य : जो डोळ्यांना दिसेल तेवढेच काम मोजतो, त्याला न दिसणाऱ्या कामाची किंमत नुकसान झाल्यावरच कळते.