नवरीचा बांध

कुरणथडीला तुम्ही ज्या डांबरी रस्त्याने आलात, तो सरळ वेशीत जातो. पण गावात नवी सून येते ती या रस्त्याने येत नाही. ती इथे गाडीतून उतरते, पायातले तोडे काढून हातात घेते आणि शेताला वळसा घालून या अरुंद बांधावरून चालत गावात शिरते. याला नवरीचा बांध म्हणतात.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. तेव्हा गाडीवाट शेतातूनच जायची. शेत झिपाबाई नावाच्या विधवेचं, आणि त्या साली तिने वाटेसकट सगळं इसबगोल पेरलं होतं. फाल्गुनात ओंब्या पिकल्या. हे पीक पहाटे दवात कापायचं असतं. उन्हं चढली की ओंबी नुसत्या धक्क्यानेही झडते आणि बी मातीत जातं.

त्याच दिवसांत गावात आवेची साथ आली. अकरा लेकरं अंथरुणाला खिळली. दह्यात भिजवलेलं इसबगोल हाच उपाय ठाऊक होता, आणि घराघरातलं जुनं बी संपलं होतं. कापणी उद्या पहाटे ठरली. नेमकी आज भर दुपारी झिपाबाईच्या मुलाची वरात नवरीला घेऊन शेताच्या कडेला आली.

झिपाबाई हात पसरून गाडीपुढे उभी राहिली. नवरीचा मामा धुडकू चिडला. म्हणाला, “सुनेला ओवाळायचं सोडून अडवणारी सासू आजच पाहिली. बैल माघारी वळवू का?”

झिपाबाई म्हणाली, “वळवाल तर माझ्या लेकाचं नशीब. पण हे बी आजारी लेकरांचं आहे.”

मामाने कासरा ओढला. तेवढ्यात नवरी, तिचं नाव गोजर, खाली उतरली.

“आत्याबाई, पायवाट कुठून आहे?”

झिपाबाईने बांध दाखवला. दोन्ही बाजूंनी ओंब्या त्यावर झुकल्या होत्या. दोन पावलांवर तोड्याच्या घुंगरात एक ओंबी अडकली. गोजर खाली बसली, ती हलकेच सोडवली, तोडे काढले, पदर आवरला आणि तापलेल्या मातीवरून अनवाणी चालत गेली. मागून सगळी वरात तशीच, एकामागे एक. मामा सगळ्यात शेवटी, वहाणा हातात घेऊन.

दारात झिपाबाईने सुनेच्या पायांवर पाणी घातलं आणि तोडे चढवायला स्वतः वाकली. गोजरने पाय मागे घेतले.

“राहू दे,” झिपाबाई म्हणाली. “या पायांनी दाणा सांडला नाही.”

दुसऱ्या दिवशी पहाटे दोघींनी मिळून कापणी केली. अकराही लेकरं उठून बसली असं सांगतात. काही म्हाताऱ्या दहाच म्हणतात.

आता इसबगोल कोणी फारसं लावत नाही. तरी या बांधालगत चार ओळी दरसाल पेरतात. आजही नवरी इथून पदर आवरून चालते. दारात सासू तोडे घेऊन वाकते, सून पाय मागे घेते, आणि सासू म्हणते, राहू दे.