शेवटचा घोडा येईपर्यंत

"बक्षीस आणखी किती वाढवलं म्हणजे घोडे येतील, तेवढं सांगा बुवा."

उमरावसिंग गिरासे मठाच्या अंगणात उभ्याउभ्याच विचारत होता. 'बसा' म्हणायची वाट बघणं त्याच्या स्वभावात नव्हतं, आणि 'बस' म्हणणं निहालगीर बुवांच्या.

बुवा आपल्या म्हाताऱ्या घोड्याला खरारा करत होते. घोडा इतका म्हातारा की त्याची पाठ वाळवणाच्या दोरीसारखी मधे खाली आली होती.

याच अंगणात, बुवांच्याच हाताखाली, उमरावने लहानपणी रिकिबीत पहिला पाय घातला. आता त्याची केशर घोडी साऱ्या तापीकाठी कुणाला ऐकत नव्हती. लोणखेडीच्या खंडोबाच्या यात्रेतली शर्यत ती दर साली मारायची, आणि उमरावची मान दर साली थोडी आणखी ताठ व्हायची.

"झालं काय?" बुवांनी विचारलं.

"पंचांनी ठरवलंय. यंदा रेषेवर सात घोडे उभे राहिले नाहीत, तर शर्यत कायमची बंद. बक्षिसाचा पैसा कुस्त्यांच्या फडाला द्यायचा. मैदानात पाळणे लावायचे."

"घोडे किती?"

"गेल्या साली कसेबसे पाच होते. यंदा माझी घोडी धरून तीन नावं आलीत. पूर्वी, बुवा, धूळ खाली बसेपर्यंत मोजता यायचे नाहीत."

खरारा चालूच होता.

"मला वाटलं, पैसा कमी पडतो," उमराव म्हणाला. "म्हणून गेल्या साली पहिल्या नंबराचं बक्षीस मी पदरचं घालून दुप्पट केलं."

"मग ते कुणी नेलं?"

"मीच की."

हे सांगताना त्याला जराही अवघडल्यासारखं झालं नाही. एका खिशातला पैसा दुसऱ्या खिशात गेला होता, एवढंच. पण मधे हलगी वाजली, हार पडला, फेटा उडाला, त्यामुळे ते त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"शेवटचा घोडा कुणाचा होता?" बुवांनी विचारलं.

"दुसरा होता तो मंदाण्याच्या जयसिंगांचा. तिसरा..."

"शेवटचा."

 आठवायला काही असतं तर उमरावने आठवलं असतं.

"त्याला भेट. मग ये," बुवा म्हणाले, आणि घोड्याच्या पलीकडच्या अंगाला गेले.

उमराव तणतणत निघाला. केशरच्या धन्याने शेवटच्या घोड्याचा धनी हुडकत हिंडायचं, म्हणजे हद्दच झाली. पण करणार काय? शर्यत बंद पडली तर केशरच्या नशिबी लग्नाची वरात होती. पाठीवर नवरदेव, पुढे बँडवाले, आणि ती चौकाचौकात पाय नाचवत उभी. ऐन उमेदीतली घोडी. 

त्याने पंचांना विचारलं. त्यांना पहिला ठाऊक होता, दुसरा ठाऊक होता. पुढे ते एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले.

त्याने हलगीवाल्या रघू मांगाला विचारलं.

"आम्हाला पहिल्या घोड्यापुरतंच सांगितलेलं असतं, बापू," रघू म्हणाला. "तो आला का हलगी खाली ठेवायची. मागचं आम्ही कुठं बघतो?"

अखेर नदीपलीकडच्या एका मळ्यात माणूस सापडला. हिलाल माळी. मिरचीला पाणी देत होता. बांधावर त्याची भुरी घोडी चरत होती. एरवी ती बाजाराला भाजी वाहायची, यात्रेला तेवढी पळायची.

"गेल्या साली शेवटचे तुम्ही आलात का?"

"आलो कुठं, बापू..." हिलालने फावडं टेकवलं. "मी पोचलो तर शर्यत संपायचा खांबच नव्हता."

"म्हणजे?"

"उपटून नेलेला. रेषेवर भेळवाल्याची गाडी उभी. मला म्हणे, घोडी बाजूला घे, गिऱ्हाइकं येऊन राहिली. मंग मी उतरलो, लगाम धरला, घरी आलो."

तो हसला. तक्रारीचा सूर नव्हता.

"आमच्या घरात पोरं अजून विचारतात, आबा, तुमचा कितवा नंबर? मी सांगतो, माझी शर्यत अजून पुरी व्हायची आहे."

उमरावने खाकरून विचारलं, "यंदा बक्षीस आणखी वाढवलं, तर याल?"

"बक्षीस तुमचंच ना, बापू. वाढवा की. आमची काही ना नाही."

आणि त्याने बारं मोडून पाणी दुसऱ्या सरीत वळवलं.

उमराव बांधावरून हलला नाही. खांब कुणी काढला ते त्याला आता आठवत होतं. मिरवणुकीला वाट अडत होती. फेटा सावरत, हसत हसत, त्यानेच म्हटलं होतं, काढा रे तो आता, त्याचं काम झालं. बाकीचे घोडे अजून नदीच्या वळणावर होते. तिकडे पाठ करून त्याने हार घातला होता. त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की तो हिलालचा निरोपही न घेता निघाला.

मठात बुवा घोड्याला चंदी घालत होते.

"बुवा, खांब मीच काढायला लावला होता."

बुवांनी तोबरा घोड्याच्या तोंडाला बांधला. घोडा सावकाश चावू लागला. दात फारसे नव्हतेच.

"बुवा... आता काय करू?"

मठाच्या दाराशी निशाणाचा बांबू रोवलेला होता. बुवा तिकडे गेले. दोन्ही हातांनी हलवून त्यांनी तो वर काढला, निशाणासकट उमरावच्या हातात दिला आणि आत निघून गेले.

उमराव वाट बघत राहिला. बुवा बाहेर आले नाहीत.

पुढच्या बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, लोणखेडीच्या रिकाम्या मैदानात उमरावसिंग गिरासे खांबाच्या जागी मठाचा बांबू धरून उभा राहिला. शेजारी रघू मांग आणि त्याचे साथीदार. दुप्पट बक्षिसासाठी बाजूला काढलेले पैसे उमरावने रघूच्या हातावर ठेवले होते. शेवटचा घोडा येईपर्यंत हात थांबवायचा नाही, एवढीच अट होती. पंच कडेला उभे होते, आणि बापूंना ऊन लागलं असावं असं आपसांत कुजबुजत होते.

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला हिलाल भुरीवर बसला होता. तो पार संकोचून गेला होता.

"एकट्यानंच पळू का, बापू?" तो तिकडून ओरडला.

"एकटे कसे?" उमराव इकडून ओरडला. "गेल्या सालची शर्यत आहे ही. पुढचे चौघे कधीच पोचलेत. तुमचं यायचं राहिलंय."

हलगी कडाडली.

यात्रा नाही, लग्न नाही, आणि हलगी वाजते आहे म्हटल्यावर सारा बाजार मैदानाकडे लोटला. तागड्या तशाच टाकून माणसं धावली. त्यांनी बघितलं तर भाजी वाहणारी एक भुरी घोडी मान ताणून एकटीच दौडत येत होती, हिलाल तिच्या मानेवर ओणवा झाला होता, आणि दर साली शर्यत मारणारा उमरावबापू खांब धरून तिला नावाने हाका घालत होता.

पहिल्यांदा लोक हसले. मग कुणीतरी शिट्टी घातली, आणि मग जो तो ओरडू लागला.

हिलालने खांबाला हात लावला. उमरावने एका हाताने खांब सावरत आपल्या डोक्यावरचा फेटा काढून त्याच्या डोक्यावर ठेवला. हिलाल नुसताच भुरीची मान थोपटत रडत राहिला. उमरावचेही डोळे भरले आणि त्याने ते पुसले नाहीत. दोन्ही हात पुन्हा खांबावर होते.

बाजार पांगला तशी ही गोष्ट गावोगाव गेली.

यात्रेच्या दिवशी रेषा पुरेना. पंचांनी कडेच्या बाभळी तोडून मैदान रुंद केलं, तरी घोडे दुहेरी उभे करावे लागले. टांग्याचे आले, वरातीचे आले. मंदाण्याचे जयसिंग दोन घेऊन आले. सातांचं कुणाला आठवतही नव्हतं. कुस्त्यांच्या फडातले पैलवानसुद्धा लांग कसून बघायला आले होते.

सुटायच्या इशाऱ्याचं निशाण पडलं आणि जमीन हादरली.

गेली कित्येक वर्षं उमरावने आपल्या पुढे वारा आणि मागे पोकळी एवढंच ऐकलं होतं. आज त्याच्या दोन्ही कानांत टापा होत्या. नदीच्या वळणावर जयसिंगांची तांबडी घोडी त्याच्या गुडघ्याला लागली, मग पुढे गेली. केशरने कान मागे टाकले. तिला असं कुणी पुढे गेलेलं माहीत नव्हतं. उमराव तिच्या मानेवर वाकला, आणि जे कधी करावं लागलं नव्हतं ते त्याने केलं. त्याने तिची विनवणी केली.

खांबाशी केशरचं तोंड मानभर पुढे होतं.

त्याला ओरडावंसं वाटलं. इतक्या वेळा जिंकला होता, पण असं आनंदाने ऊर भरून येणं त्याला ठाऊक नव्हतं. हार घेऊन लोक धावले. त्याने उडी टाकली, हार चुकवला आणि सरळ जाऊन पंचांच्या हातातला खांब स्वतः धरला.

घोडे येत राहिले. तिसरा, चौथा, मग घोळक्याने. रघूची हलगी प्रत्येकाला सारखीच वाजत होती. टांग्याच्या घोड्याला लोकांनी पहिल्या नंबराइतका गुलाल उधळला. हिलालची भुरी पुष्कळांना मागे टाकून आली. तोही उतरला आणि उमरावजवळ येऊन उभा राहिला.

मग वाट मोकळी झाली.

"झाले वाटतं," एक पंच म्हणाला.

"एक आहे," हिलाल म्हणाला.

वळणावर थोडीशी धूळ दिसत होती. तिला दौडीची धूळ म्हणवत नव्हतं. कुणीतरी चालत येत होतं.

हलगी थांबली नाही. हजारो माणसं जागची हलली नाहीत. उमरावचे खांदे भरून आले, तळवे सोलवटले, पण खांब तसूभर कलला नाही. धूळ जवळ आली, आणि मधे खाली आलेली ती पाठ त्याने ओळखली.

निहालगीर बुवा होते. रेषेवर सगळ्यांच्या मागे उभे असणार. उमरावने मागे वळून बघितलंच नव्हतं.

म्हातारा घोडा धापा टाकत, पण कान उभारून, दोन्हीकडच्या गर्जनेतून एकेक पाऊल टाकत आला. बुवांनी हात लांब करून खांबाला लावला. यात्रेत असा जल्लोष कुणी ऐकला नव्हता. पैलवानांनी बुवांना घोड्यावरून उचलून खांद्यावर घेतलं.

उमराव हसत होता आणि रडत होता.

"बुवा," तो म्हणाला, "सगळे आले. आता काढू का खांब?"

बुवांनी पैलवानाच्या खांद्यावरून मागच्या वाटेकडे बघितलं...

"थांब. मागून कुणी येतंय का बघू."